कानामागची भुजली

कानामागे काहीतरी खोचल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. कधी गवताची काडी, कधी कडुलिंबाची डहाळी, काहीच नाही मिळालं तर विडी. भट्टीच्या फाटकातूनच ती ओरडायची, "सीताराम, भुजली! जेवली काय?" सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायची. मी पदर तोंडावर घ्यायची आणि मान हलवायची. जेवलेली असले तरी हलवायची, उपाशी असले तरी हलवायची. तिला ते ठाऊक होतं. ती येऊन आधी माझा डबा उघडून बघायची.

तिचं नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे येईल.

राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. वणीकडून येताना तुम्हाला दुरूनच दिसतील. तिथली झाडंसुद्धा पांढरी असतात. मी राळेगावकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन इथे आले आणि दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याबरोबर भट्टीवर जाऊ लागले. तो दगड भरायचा, मी चुना चाळायची.

पहिल्याच दिवशी चुन्यानं माझे हात पोळले. मी रडतरडत नळाकडे धावले, तर मागून कोणीतरी मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी पिचली. "पानी नोको लावू! पान्यानं आनखी पेटते. आधी तेल, मंग पानी." तिनं कमरेची लहानशी बाटली काढली, माझे हात स्वतःच्या लुगड्यानं कोरडे पुसले आणि तेल चोळलं. तिच्या भुवया आणि पापण्या चुन्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं म्हातारी आहे. संध्याकाळी तोंड धुतल्यावर पाहिलं तर माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठी.

ती बिलासपूरकडून मजुरांच्या टोळीबरोबर आली होती. टोळी परत गेली, ती राहिली. सगळे तिला बिलासपुरीण म्हणायचे. हजेरीच्या वहीतही तेच लिहिलेलं होतं. एकदा मी विचारलं, "नवरा नाही काय तुले?" ती म्हणाली, "होता ना. गाडीत बसून तमाखू आनाले गेला. गाडी गेली, तमाखू बी गेली." आणि एवढ्या मोठ्यानं हसली की पुढे विचारायचं राहून गेलं. आधार कार्डाचं विचारलं की म्हणायची, "गावी पेटीत हाय." पेटी होती की नव्हती, कोण जाणे.

तुमच्याही ओळखीत एखादं असं माणूस असेल, की ते असलं म्हणजे आपल्याला बोलावं लागत नाही. ती माझ्यासाठी तशी होती. मला लहानपणापासून चार माणसांत तोंड उघडता येत नाही. घशात काहीतरी अडकतं. भट्टीचा मुकादम मला "ए मुके" अशीच हाक मारायचा. एक दिवस तिनं डोक्यावरचं टोपलं त्याच्या पायाशी आपटलं. चुन्याचा ढग उठला.

"मुकी नाही ते," ती म्हणाली. "ते माह्या तोंडानं बोलते. बोल, काय आइकाचं तुले?"

मुकादम शिंकत शिंकत निघून गेला. ती माझ्याकडे वळली. "तू चूप राह्य. मी हाव ना." हे तिचं दुसरं वाक्य. सीताराम सकाळी, आणि हे दिवसभर.

दोन-तीन वर्षांनी श्रावणात ती एक टोपली घेऊन माझ्या दारात आली. टोपलीत माती होती.

"माह्यी भुजली होते काय?"

मला काही समजलं नाही. तिनं पायरीवर बसून समजावलं. त्यांच्याकडे नात्याच्या नसलेल्या दोन बायका अशा जोडल्या जातात. टोपलीत गहू पेरायचे, अंधारात ठेवायचे, हळदीचं पाणी शिंपायचं. उजेड नसल्यामुळे अंकुर पिवळेधमक येतात. त्यालाच भुजली म्हणायचं. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सोडायची आणि थोडी ठेवून एकमेकींच्या कानामागे खोचायची, पाच जणींसमोर. तिथून पुढे त्या दोघी एकमेकींच्या भुजली. एकीची आई ती दुसरीची आई, एकीचं मूल ते दुसरीचं मूल. जात आड येत नाही.

"मले इथं कोनी नाही," ती म्हणाली. "तुले सारे हायेत, पन तू कोनाशी बोलत नाही. मंग दोघीचं सारखंच झालं."

"आन् एक हाय," ती पुढे म्हणाली. "मंग नाव घ्याचं नाही. जलमभर. भुजलीच म्हनाचं."

नवऱ्याचं नाव न घ्यायची सवय मला होतीच. मी मान हलवली.

"पन मेल्यावर एक डाव घ्याचं. जे मांगं राह्यते तिनं मेलेलीच्या कानात भुजली खोचाची आन् त्या कानात नाव घ्याचं. मोठ्यानं. तवा त्या जिवाले समजते का आपल्याले सोडलं. नाहीतर तो जीव आपलं नावच इसरते. कोनी हाक मारली तरी वळत नाही."

ती हे हसत सांगत नव्हती. त्यामुळे मी घाबरले.

भुजली सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला तिचं नाव सांगितलं. इतकी वर्षं मलाही ते माहीत नव्हतं. तीन अक्षरांचं, गोड नाव आहे. "आज घे पोटभर," ती म्हणाली, "उद्यापासून बंद." मी हळूच घेतलं. "मोठ्यानं!" ती म्हणाली. मी परत घेतलं. "माह्या कानालोक बी नाही पोचलं." असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी कंटाळून म्हणाली, "जाऊ दे. मराले अजून येळ हाय. तवालोक शिकशील."

जुन्या खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं. तिथे आम्ही भुजली सोडली. भट्टीवरच्या पाच जणी होत्या. एकमेकींशी नारळ बदलले, पातळं बदलली. तिनं माझ्या कानामागे पिवळी पाती खोचली. मी खोचायला गेले, तर माझी पाती खाली चिखलात पडली. ती उचलून, धुऊन, तिनं माझ्याच हातात दिली आणि कान पुढे केला. "घे. पयल्यांदा सारेच पाडतात." मग आम्ही एका ताटात जेवलो. त्या पाच जणींपैकी एक जाताना म्हणाली, "ना जातीची ना पातीची, काय मेलं नातं." भुजलीनं ऐकलं आणि तिलाही गोड भात वाढून दिला.

ते नातं तिनं माझ्याहून जास्त पाळलं. माझी आई वारली तेव्हा ती माझ्याबरोबर एसटीनं माझ्या माहेरी आली. माझ्या आईला तिनं दोनदाच पाहिलं होतं, पण रडली माझ्यापेक्षा मोठ्यानं. तेराव्यापर्यंत तिनं तिथली चूल सांभाळली. माझ्या भावजया तिला आत्याबाई म्हणू लागल्या. येताना ती बसमध्ये म्हणाली, "आता आपली माय बी गेली." आपली म्हणाली.

माझी मुलगी तिला फुलदाई म्हणायची. आईच्या भुजलीला त्यांच्याकडे असंच म्हणतात. पोर आजारी पडली की माझ्याकडे न येता भिंतीपलीकडे तिच्याकडे जायची. आमच्या दोन्ही खोल्यांच्या मधे एकच भिंत होती.

मुलीच्या लग्नात जे झालं ते मला लिहायलाच हवं.

लग्न पांढरकवड्याला होतं. तिनं हळदीच्या रंगाचं पातळ नेसलं होतं, कानामागे झेंडूचं फूल. मांडवात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. वाजंत्रीवाल्यांना दटावत होती, पोरांना जेवायला बसवत होती. मुलाकडच्या बायका शिकल्यासवरलेल्या, नोकरीवाल्या. त्यांतली एक माझ्याजवळ आली आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या कोण? तुमच्याकडे कामाला आहेत का?"

भुजली म्हटलं असतं तर त्यांना समजावून सांगावं लागलं असतं. चौघीजणी बघत होत्या.

"शेजारीण आहे," मी म्हणाले.

ती माझ्या मागेच उभी होती, हातात पाण्याची घागर घेऊन.

दिवसभर ती पंगतीत पाणी वाढत राहिली. पाठवणीच्या वेळी ती रडली नाही. परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसली आणि वणी यायच्या आधी म्हणाली, "शेजारीन तं शेजारीन. भित तं एकच हाय." आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून पुन्हा, "सीताराम, भुजली! जेवली काय?"

चुना छातीत बसतो, हे भट्टीवर सगळ्यांना माहीत असतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आधी तिला खोकला झाला, मग हसता हसता दम लागू लागला. ती हसू अर्धं सोडून द्यायची. मागच्या वर्षी श्रावणात आम्ही नेहमीप्रमाणे गहू पेरले. टोपली माझ्या खोलीत अंधारात ठेवली. पाणी शिंपायला ती यायची ते पाच पावलं चालून भिंतीला टेकायची.

राखीच्या आदल्या दिवशी तिला श्वासच घेता येईना. डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. माझा नवरा तापानं पडलेला होता. मी एकटीच तिला घेऊन शहरात गेले. तिला चाकाच्या खाटेवर आत नेलं आणि मला खिडकीशी उभं केलं.

"पेशंटचं नाव?"

मी मागे वळून पाहिलं. आजपर्यंत अशा प्रत्येक खिडकीशी तीच बोलली होती. माझ्या मागे मोठी रांग होती. "बाई, लवकर," कोणीतरी म्हणालं.

तिचं नाव मला येत होतं. पण ते फक्त ती मेल्यावर घ्यायचं होतं. ती आत जिवंत होती, आणि मी तिथे ते नाव घेतलं असतं तर मीच तिला मारली असती, असं मला वाटलं. तुम्ही हसाल. पण त्या खिडकीशी मला अगदी तसंच वाटलं.

"नाव सांगा हो. तुमची वाचा बसली का?"

"गिरजाबाई," मी म्हणाले. ते माझ्या मेलेल्या आईचं नाव. तोंडात पहिलं तेच आलं. मनात म्हटलं, बरी झाली की तीच सांगेल खरं नाव, तिचं तोंड खंबीर आहे.

"तुमचं नातं?"

आणि दुसऱ्यांदा माझ्या तोंडून तेच निघालं. "शेजारीण."

खिडकीतल्या माणसानं लिहून घेतलं.

तिच्या तोंडावर प्राणवायूची नळी लावली होती. कानामागची काडी कोणीतरी काढून टाकली होती. तिनं मला पाहून डोळ्यांनीच सीताराम केलं. मग बोट कानाकडे नेलं आणि दोन बोटं वर केली. दोन दिवस. मला समजलं, टोपली. पाणी न शिंपता भुजली सुकली असती, आणि परवा खोचायची होती. मी नाही म्हणाले. तिनं हातानं मला ढकललं, जा म्हणून. मळकट, चिरा पडलेला हात. माझ्या हाताला तेल लावणारा. खिडकीवर मी काय सांगितलं ते तिला सांगावं असं मनात आलं. पण तिला आणखी दम लागेल म्हणून राहू दिलं.

मी घरी आले, नवऱ्याला पेज करून दिली, टोपलीवर हळदीचं पाणी शिंपलं. पाती वीतभर झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि पहिल्या गाडीनं निघाले.

तिच्या खाटेवर दुसरीच बाई होती, संत्रं सोलत बसलेली. नर्सबाई म्हणाल्या, "गिरजाबाई ना? त्या पहाटे गेल्या. खाली ठेवलंय त्यांना."

खाली एका दारापाशी एक म्हातारा माणूस स्टुलावर बसला होता. शेजारी एक पोलीस शिपाई उभा होता. म्हातारा चांगला होता. माझ्या हातातला डबा बघून म्हणाला, "घरचे हा काय? घरचे असान तं जा आत, पाहून घ्या. मंग कागदाचं पाहू."

दार अर्धं उघडं होतं. आतली थंडी माझ्या पायांना लागत होती. पाच पावलं आत जायचं, तिच्या कानामागे पाती खोचायची, एकदा नाव घ्यायचं. एवढंच तिनं माझ्याकडे मागितलं होतं.

शिपायानं हातातल्या कागदात पाहिलं. "यात तं शेजारीन लिहून हाय. तुम्हीच का त्या?"

मला एकदम दिसलं की मी खोटं नाव लिहून दिलं आहे, सरकारी कागदावर. आत जाऊन मी दुसरंच नाव घेतलं तर हा ऐकेल. विचारेल, मग गिरजाबाई कोण? पकडून नेतील. घरी नवरा तापात.

"हो," मी म्हणाले. "शेजारीणच."

"मंग घरचे कोनी आना," शिपाई म्हणाला. म्हाताऱ्यानं उठून दार लोटून घेतलं.

डबा घेऊन मी परत आले. त्या दिवशी भुजलीचा दिवस उद्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी टोपली खाणीच्या पाण्यात एकटीच सोडली. डब्यातली पाती ठेवली.

नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो अंथरुणावर उठून बसला. तोही कमीच बोलतो. मग म्हणाला, "खरं नाव लिहून दे." बोलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं, लिहायचं नाही असं काही म्हणाली नव्हती. मी चिठ्ठीवर नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं की नाही, कोण जाणे. तो अंगात ताप असताना चिठ्ठी घेऊन गेला. ती आमच्या शेजारी राहायची असा गावातून दाखलाही नेला.

तिथले साहेब त्याला म्हणाले, "भाऊ, मला समजतं. पण कागदावर गिरजाबाई आहे, तुमच्या चिठ्ठीत भलतीच बाई आहे. एका नावानं आलेली बाई मी दुसऱ्या नावानं देऊ कशी? तिचा कोणी भाऊ-बहीण आणा." तिच्या मुलखात विचारणा गेली, असं कळलं. गिरजाबाई नावाची कोणी तिथून आलीच नव्हती, तर उत्तर कुठून येणार. नवरा तीनदा गेला. चौथ्यांदा आम्ही दोघं गेलो, मी सगळं खरं सांगायचं ठरवून. वाटेत बसमध्ये वाक्य पाठ करत होते, "ती माझी भुजली आहे, मी नाव चुकीचं सांगितलं." पुन्हा पुन्हा.

"काल नेली," साहेब म्हणाले. "दिवस भरले होते. कोणी आलं नाही म्हणून पुरायला दिली."

माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

त्या शहराच्या टोकाला ती पुरायची जागा आहे. बेशरमाच्या झाडांचं कुंपण. नवरा रस्त्यावर थांबला. मी आत गेले. राखण करणारा माणूस फावडं धूत होता. मी विचारायच्या आधीच त्यानं काठीनं दाखवलं. "कालचे हे तीन. कोनतं कोनाचं, ते मलेही नाही मालूम."

ओल्या मातीचे तीन ढिगारे. सारखेच. पाटी नाही, दगड नाही.

मी डबा उघडला. पाती सुकून पिवळ्याची तपकिरी झाली होती. पहिल्या ढिगाऱ्याशी बसले. डोकं कोणत्या बाजूला असेल ते कळेना, म्हणून दोन्ही बाजूंना खोचली. खाली वाकले, गाल मातीला लागला, आणि तिचं नाव घेतलं. मलाच ऐकू आलं नाही. माह्या कानालोक बी नाही पोचलं, ती म्हणाली असती. पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या ढिगाऱ्याशी गेले, तिथेही घेतलं. तिसऱ्याशी बसले तेव्हा माझा आवाज फुटला आणि मी ओरडून ते नाव घेतलं. इतक्या मोठ्यानं मी मुलीला बोलावतानाही कधी ओरडले नव्हते. रस्त्यावरून नवरा धावत कुंपणापर्यंत आला.

राखणदार फावडं टाकून जवळ आला होता.

"तिघाइलेही एकच नाव काहून सांगून राह्यल्या, बाई?"

"त्यातली कोनती माह्यी, ते समजत नाही."

"कोन होती तुमची?"

"भुजली," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. "बहीन काय?"

"भुजली," मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

त्यानं मान हलवली आणि फावडं धुवायला गेला.